रोसाबाईंचा कुकर

सन २००२. शारजातल्या रोल्ला बाजारात, भांड्यांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे वसंतराव आणि कुमुदताई उभे होते. दोघं नुकतेच पेरूहून परतलेले. वसंतराव म्हणाले,

"शारजाहून पुनोला कुकर नेणारी तू पहिलीच बाई."

"एवढ्या उंचावर पातेल्यात डाळ शिजली असती? आणि तीन-तीनदा वाढून घेऊन खिचडी कुणी खाल्ली?"

"खाल्ली ना. पण आईंनी लग्नात दिलेला कुकर त्या घरमालकिणीला देऊन आलीस!"

"रोसाबाई सकाळपासून घेवडा शिजवत बसायची हो. पहिल्या शिट्टीला अंगणात पळाली, तिसरीला हसत आत आली."

"भाषा कळेना, पण शिट्ट्या मात्र बरोबर मोजायला शिकली."

"आईला आवडलं असतं."

"बरं, हा तीन लिटरचा घे. यल्ला, चल, नंबर आला."

"तुम्ही त्या टोपलीत काय उपसताय?"

"झाकणाची रबरी रिंग, जुन्या मापाची. भाई, ये दो देना."

"अहो, आपला कुकर नवा आहे."

"रोसाबाईंचा नाही. वर्षभरात रिंग सैल होईल, मग शिट्टी कुठली? पुनोत आपल्या मापाची कोण देणार तिला?"

"पण मी पत्ता कुठे घेतलाय?"

"मी घेतलाय. निघतानाच, तिच्याच हातानं लिहून."