पान शेहेचाळीसवरचा मेंदू

...आणि वर मलाच समजावतात, चूक सगळ्यांचीच होते. सगळ्यांची होत असेल हो, माझी होत नाही! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बातमीदारी केली, पोलीस झाले, कोर्ट झालं, पूर झाले, आगी झाल्या, पण माझ्या बातमीचा एक खुलासा छापून आला नाही. खुलासा म्हणजे काय, तर आदल्या दिवशी जे ठणकावून सांगितलं ते चूक होतं, हे दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, बारीक अक्षरात, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा बेताने सांगायचं. इतरांचे येतात. माझा नाही. या महिनाअखेरीस निवृत्त होतोय, निरोपाचं मानपत्रसुद्धा छापून तयार आहे आणि त्यात ठळक अक्षरात तेच वाक्य आहे: ‘एकतीस वर्षांत एकही खुलासा नाही.’

आणि अशा माणसाच्या हातात संपादकांनी काय द्यावं? मेंदूचं पुस्तक. सर्वसामान्य वाचकांसाठी, सचित्र. म्हणाले, “आरोग्याचं पान बघणारी रजेवर आहे, तुम्हीच लिहा चार ओळी.” म्हटलं, मी परीक्षण लिहीत नाही, बातमी लिहितो. तर म्हणतात, “लिहा हो, चित्रंच जास्त आहेत.”

नाक मुरडत उघडलं आणि... अहो, काय पुस्तक! अक्रोडासारखा सुरकुतलेला तो गोळा, आणि एकेका भागाला वेगळा रंग, इथे बोलणं, इथे ऐकणं, इथे तोल सांभाळणं. आठवणींचा भाग तर चक्क समुद्रघोड्याच्या आकाराचा! मला राहवेना. तसाच स्वयंपाकघरात गेलो, बायकोला म्हटलं, “अगं, तुझा कांदा चिरणारा हात उजवा, पण त्याला हुकूम सुटतो तो मेंदूच्या डाव्या बाजूने!” ती म्हणाली, “हुकूम कुठूनही सुटू दे, कांदा मलाच चिरायचाय.”

आणि मग आलं पान शेहेचाळीस. मेंदूचं मोठं रंगीत चित्र, आणि डावीकडे लिहिलंय काय? उजवा गोलार्ध! शेजारी सत्तेचाळीसवर तोच मेंदू, तिथे डावीकडे डावा. शेजारशेजारची दोन पानं आणि दोघांचे जबाब वेगळे... तुम्हाला सांगतो, असे दोन जबाब हाती लागावेत म्हणून मी कोर्टाच्या बाकड्यांवर हाडं झिजवलीयत. आणि इथे घरबसल्या!

पण मी दुसरी बाजू विचारल्याशिवाय छापत नाही. प्रकाशन संस्थेत फोन लावला. तिथल्या संपादिका बोलायला लागल्या, “तसं नाहीये साहेब, ते चित्र...”

‘तसं नाहीये’! कंत्राटदार तिथूनच सुरुवात करतो, इन्स्पेक्टरही तिथूनच. म्हटलं, “बाई, चूक मान्य आहे की नाही?”

“ऐकून तर घ्या, शेहेचाळीसवर आपण मेंदू...”

“हो की नाही?”

“हे हो-नाहीत सांगता येणार नाही.”

झालं. मी लिहून टाकलं, ‘संपादिकेने थेट उत्तर देण्याचे टाळले.’ परीक्षण राहिलं बाजूला, पहिल्या पानावर बातमी: ‘मेंदूच उलटा! सामान्य वाचकांची घोर दिशाभूल.’ एकतीस वर्षं, एक खुलासा नाही, आणि जाता जाता हा दणका. सकाळी शीळ घालत दाढी केली.

बायको हातात पेपर आणि पुस्तक घेऊन समोर येऊन उभी राहिली. “उजवा हात वर करा.”

केला.

“आता सांगा, तो माझ्या कुठल्या बाजूला दिसतोय?”

...डाव्या.

“शेहेचाळीसवरचा माणूस असाच तुमच्याकडे तोंड करून आहे. सत्तेचाळीसवर आपण त्याला मागून बघतोय. चित्राखाली लिहिलंय की, बारीक अक्षरात.”

बारीक अक्षरात! अहो, एकतीस वर्षं बारीक अक्षर म्हणजे दुसऱ्यांचे खुलासे, ते कोण वाचतो? माझा हात आपला तसाच वर. ती म्हणाली, “घ्या खाली, मेंदूने हुकूम दिला नाही का अजून?”

ऑफिसात संपादक अगदी गोड आवाजात म्हणाले, “खुलासा तुम्हीच लिहा, तुमच्या हातून चूक होत नाही.” लिहिला. त्या संपादिकाबाईंना फोन केला, या खेपेला त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं. सात ओळी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग भीत भीत विचारलं, “आणि ते मानपत्र?”

“ते आता काचेत बसवून आलंय,” संपादक म्हणाले, “त्यात बदल व्हायचा नाही. समारंभात तसंच वाचू.”

म्हणजे बघा, त्या मानपत्रात आता धडधडीत चूक आहे. ती समारंभाच्या बातमीत जशीच्या तशी छापून येणार, आणि दुसऱ्या दिवशी तिचाही खुलासा द्यावा लागणार. तो कोण लिहिणार? निवृत्त झालो तरी मलाच बोलावतील... अनुभवी माणूस ना मी आता.