बारा फोटो

हिंगणीच्या थांब्यावर अंजू वर्ध्याच्या बसची वाट पाहत होती. तिच्या पुढेच गळ्यात कॅमेरे अडकवलेले बहीणभाऊ उभे होते.

"वल्लरी, वाघिणीचे फोटो तुह्या नव्या कॅमेऱ्यात किती साफ आले?"

"बारापैकी दोन. ती चालाले लागली का याचा फोकस गवतावर जाऊन राह्यला, दादा."

"माह्या जुन्यात बाराही साफ आहेत. एकदा तिच्यावर फोकस बसला, मंग सुटलाच नाई."

"माहे दोन बस झाले वनखात्याच्या डॉक्टरसाहेबाले दाखवाले. दोन्हीत पुढचा पाय उचललेला दिसते."

"चालताना कोणाचाही पाय उचललेला दिसते. दोनावरून लंगडते म्हणता येत नाई. हे माहे फोटो पाह्य, एकामागून एक."

"दादा, यात तर तो पाय कुठंच टेकला नाई."

"बारा फोटोत एकदाही नाई."

"मंग हरीण काई तिच्या हाती लागत नसन."

"म्हणूनच तर गावाकडे सरकून राह्यली."

"सकाळी कोणीकडे गेली ती?"

"खालच्या नाल्याकडे."

बस आली. दोघं चढले. अंजू खालीच राहिली आणि तिनं नवऱ्याला फोन लावला.

"कुठं आहा तुमी?"

"खालच्या नाल्यावर. बकऱ्या पाणी पिऊन राह्यल्या. काऊन?"

"त्याईले घेऊन आत्ताच घरी या. नाल्यात वाघीण आहे."

"कोणं सांगतलं?"

"आधी निंघा. फोन बंद करू नका, बोलत राहा."

तो बोलत राहिला. घराच्या फाटकाची कडी वाजलेली ऐकू येईपर्यंत अंजूनं फोन कानापासून हलवला नाही.