पन्नासच्या वरचा आकडा

नाही गं, सनस्क्रीनला पन्नासच्या वरचा आकडा नसतोच — आपल्याकडे पन्नास आणि पुढे एक अधिकचं चिन्ह, झालं, तिथेच थांबतं. आकड्याच्या मागे कशाला लागतेस? तिसाचं लावलंस तर तिसातला एक हिस्सा ऊन आत जातं, पन्नासचं लावलंस तर पन्नासातला एक — फरक तो केवढा! आणि हा आकडा नुसता कातडी भाजण्यापुरता. खाली ही अधिकची चिन्हं आहेत ना, ती दुसऱ्या उन्हाची — जे भाजत नाही पण आत मुरतं, काचेतूनही येतं. चार चिन्हांची बाटली घे. सायकलवरून बेटाला फेरी मारणार ना तू? मग ही, घामाने लवकर न जाणारी. लावायचं किती? — दोन बोटं भरून, नुसत्या चेहऱ्याला आणि मानेला. हो, एवढं. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि पन्नासचं लावलंय म्हणून दिवसभर हिंडतात. त्याने निम्मंही काम होत नाही. निघायच्या आधी लावायचं, मग दर दोन तासांनी, घाम पुसलास की पुन्हा. आणि कान विसरू नकोस. टोपीच्या बाहेरच राहतात ते.

आमच्या ह्यांचे तसेच राहिले — माझ्या लेकीच्या, मिरानच्या बाबांचे. संत्र्यांची बाग आमची, सोग्विपो गावाच्या वरच्या अंगाला, जन्म तिथेच गेला. दुकान माझं हे असलं, मी म्हणायचे लावा, तर म्हणायचे, ते बायकांचं काम. मागच्या उन्हाळ्यात कानाच्या पाळीवर खपली धरली. पडायची, पुन्हा धरायची. वाटलं, फांदी लागली असेल. मग मानेत गाठ आली, तेव्हा राजधानीत, सोलला नेलं, आमची मिरान तिथे असते. कातडीचा कॅन्सर निघाला, अर्धा कान काढला. डॉक्टरांनी मला आणि मिरानला बाहेर बोलावून सांगितलं — छातीत उतरलंय, आता फारसं काही हातात नाही. आत येऊन ह्यांना एवढंच म्हणाले, आजोबा, उन्हापासून जपा. काहीतरी बोलायला हवंच की त्यांनाही. ह्यांनी तेवढंच धरून ठेवलं.

आता रोज लावतात गं. दोन बोटं भरून, घरात बसूनसुद्धा, पाऊस असला तरी. पांढरेफटक होऊन बसतात. परवा मला म्हणाले, "ह्याहून जोराचं काही येतं का? तुझ्या ओळखीने बघ ना." जन्मात कधी काही मागितलं नाही ह्या माणसाने माझ्याकडे. काय सांगू? की हे आधी लावायचं असतं — झालेलं पुसलं जात नाही ह्याने? तोंडापर्यंत आलं होतं, आणि 'बघते' म्हणाले. मिरान फोनवर म्हणते, आई, खरं सांग त्यांना. तू येऊन सांग म्हटलं, की फोन ठेवते. आणि मी तरी — अगं, तू कशाला डोळे भरून आणतेस, पूस ते, पूस, आलेच बघ आमचे हे.

या हो. ही? गिऱ्हाईक आहे, बेटाला फेरी मारायला निघालीय. काय? — हो, सांगते ना तिला. ऐक गं, हे म्हणतायत, लावायला लागल्यापासून नवी खपली धरली नाही. हो, मीही बघतेय, रंगसुद्धा सुधारलाय. — नियमाने लावलं की फरक पडतोच. घे बाटली. निघ आता, पोरी.