नटांवर केलेली खूण

वहिनी, वाडीतले शेजारी, मंडळातले मित्रहो,

वसंतभाईंबद्दल बोलायचा हक्क इथे सगळ्यांत कमी कुणाला असेल, तर तो मला. तरी या शोकसभेत बोलायला नाव मीच दिलं. सांभाळून घ्या.

मी संशयी माणूस. तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारा केला, पोरांच्या बाह्या उलट्या करून बघितल्या. निवृत्त झालो, पण डोळे तेच राहिले. दूधवाल्यावर संशय, केमिस्टवर संशय. मग गाडीच्या मिस्त्रीवर कसा नसेल?

माझी जुनी गाडी डावीकडे ओढायची. वसंतभाईंनी चाकांमागची रबरं बदलली. मला वाटलं, झालं काम. तर म्हणतात, "सर, घरच्यांना बोलवा ने. रोज बसता तसे गाडीत बसा. मग शेवटचं आवळतो."

म्हटलं, "आम्ही कशाला?"

"गाडी वर उचललेली असताना आवळलं तर रबर पिळलेलं राहतं, सर. खाली उतरवली की फाटतं. वजन असतानाच आवळायचं."

बसलो. मी, ही, मागे दोन्ही मुली. आणि वसंतभाई खाली खड्ड्यात. मला काहीच दिसेना! आम्हाला वर बसवून हा माणूस खाली करतोय काय?

पुढच्या खेपेला स्टिअरिंगचं काम होतं. तेव्हा मी काय केलं, सांगू? गाडी देण्याआधी चाक वळवलं, आत हात घातला आणि हाताला लागले त्या चार नटांवर खिळ्याने बारीक खूण केली. हो, रस्त्यावर सतरंजी टाकून, या वयात. ही म्हणाली, "अहो, लोक बघताहेत." बघू देत!

गाडी परत आली. चारही नटांवर खूण नाही. झालं. चोर सापडला.

मग मी सांगत सुटलो. वसंतभाई चांगले नट काढून घेतात आणि भंगार लावतात. गणपतीच्या मांडवात सांगितलं, भाजीच्या लारीपाशी सांगितलं, तुमच्यातल्या कितीतरी जणांना सांगितलं. तुम्ही गाड्या दुसरीकडे नेऊ लागलात. पुढे शहरात नव्या गाड्या आल्या आणि सगळे म्हणाले, त्यामुळेच वसंतभाईंचं गॅरेज बसलं. नाही हो. ते आधीच बसलं होतं. मी बसवलं होतं.

एकदा ते घरी आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "सर, त्या नटांत नायलॉनची कडी असते. एकदा खोलला की पकड जाते, नवाच लावायला लागतो. स्टिअरिंग आहे ने. जुने तुमच्या डिकीत ठेवलेत, स्टेपनीखाली. बघून घ्या."

मी बघितलं नाही. म्हटलं, पकडला गेला म्हणून बहाणा करतोय. त्यांना साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.

या दिवाळीत गाडी विकायला काढली. स्टेपनी उचलली, तर खाली वर्तमानपत्राची पुडी. आत चार नट. चारहींवर माझी खूण.

आणि ऐका, तेव्हाही माझ्या मनात काय आलं? नंतर आणून ठेवले असतील! पण डिकीची किल्ली एकच, आणि गाडी परत आल्यापासून ती कायम माझ्या खिशात. मग मात्र संशय घ्यायला दुसरं कुणी उरलं नाही.

तेव्हाच वसंतभाईंच्या घरी जायला हवं होतं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. चार महिने झाले, मी गेलो नाही. लाज वाटत होती. रोज म्हणायचो, उद्या जाऊ. गुरुवारी त्यांचं हृदय बंद पडलं.

वहिनी, वसंतभाई चोर नव्हते. मी त्यांना चोर म्हटलं, आणि चूक कळल्यावरही गप्प बसलो. याची माफी त्यांच्याकडेच मागायची होती. ती वेळ मी घालवली.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. त्याआधी एक विनंती. वसंतभाईंबद्दलचं ते बोलणं ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ऐकलं आणि खरं मानलं, त्यांनी आधी उठावं. बाकीच्यांनी मग.

वहिनी, तुम्ही बसूनच राहा. आज आम्हाला तुमच्यासमोर उभं राहायचंय.