पुढे सून, आत सासरे

दातांच्या दवाखान्यात सासरे आणि सून नंबर लावून बसले होते. काउंटरवरच्या बाईंनी औषधांचं कपाट आवरायला काढलं होतं, पण कान सगळे त्या दोघांकडे.

“मी ऑफिसातून रिटायर झाल्याबरोबर माझ्या जागी बसून माझा कॉम्प्युटर प्रोग्रॅम मोडीत काढलास म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“तुझा नवरा. धरणांच्या पाण्याचा सगळा अंदाज आता पायथन की कुठल्या नव्या कॉम्प्युटर भाषेत लिहिलास म्हणाला.”

“त्याला काय कळतंय! बाबा, पायथन नुसतं पुढे बसवलंय. आकडे आले की ते आत तुमच्या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅमला, फोरट्रानला हाक मारतं. हिशेब अजून तुमचाच.”

“म्हणजे राबायचं मी आणि मिरवायचं तू.”

“मिरवते कसली! परवा साहेबांसमोर तोंडावर आपटले. तुमचं फोरट्रान यादी एकपासून मोजतं, पायथन शून्यापासून. एका धरणाचं पाणी दुसऱ्याच्या नावावर गेलं, आणि कोरड्या धरणाचे दरवाजे उघडा म्हणून स्क्रीनवर आलं.”

“उघडले?”

“चाचणी होती हो.”

“मग माझ्या कोडमध्ये हात घातलास?”

“छे, तुम्हाला कोण बदलणार? मीच आता विचारताना एक मिळवून विचारते.”

“शहाणी आहेस. घरातही तसंच करत जा.”

“घरात दुसरं काय करते?”

बाईंनी नंबर पुकारला आणि केसपेपर लिहायला घेतला.

“काय त्रास होतोय, आजोबा?”

“खालची डावी दाढ,” सून म्हणाली. “गार लागलं की ठणकते.”

“अहो, त्यांना बोलू द्या की!”

“राहू दे हो,” सासरे गाल धरून उठले. “दुखणं माझं, सांगणं हिचं. ऑफिसातसुद्धा हल्ली आमचं असंच चालतं.”