तोंड नसलेला नाग

आदरणीय अध्यक्ष गुरुलिंगअप्पा, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, इस्लापूर परिसरातून आलेले पालक, आणि खिडक्यांत दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

लातूर जिल्हा नवा झाला आणि आमच्या तारामतीबाईंना उदगीरच्या शाळेनं मागून घेतलं. त्यांचं माहेर तिथलंच. अशा निरोपाच्या वेळी आनंद झाला म्हणायची रीत आहे. मला तो झालेला नाही.

बाई विज्ञान शिकवतात, मी मराठी. पण सांगण्यासारखी गोष्ट घडली ती त्यांच्याच हातावर. गेल्या वर्षी आषाढ कोरडा गेला, विहिरीनं तळ दाखवला. आणि ऐन नागपंचमीला आपल्या वसतिगृहाच्या जाळीवर ‘तो’ येऊन बसला. दोन्ही तळहात पसरले तरी झाकणार नाही एवढा, विटकरी रंगाचा. पंखांच्या टोकाला हुबेहूब नागाचं डोकं, डोळ्यासकट. स्वयंपाकाच्या भामाबाईंनी मुलींच्या वाटणीचं दूध वाटीत घालून त्याच्यापुढे ठेवलं. बाजारभर बोभाटा झाला, होस्टेलात उडता नाग निघाला.

दुपारी केरबा आपल्या लेकीला, पंचफुलाला, न्यायला हजर. नाग कोपलाय, म्हणून पाऊस नाही, इथं पोरीला ठेवणार नाही, असं त्याचं म्हणणं. पोरीची शाळा तिथंच संपणार होती.

बाईंनी वाद घातला का? छे. त्यांनी ते पाखरू अलगद मनगटावर घेतलं.

“केरबा, हा रानातला पतंग आहे. साप वाटला तर आधी तोंड बघायचं. तोंड सापडलं, तर लेक घेऊन जा.”

केरबा वाकून बघत राहिला. मिशा सापडल्या, पिसांसारख्या. तोंड काही सापडेना. चारही पंखांत एकेक तिकोनी खिडकी, काचेसारखी आरपार. त्यातल्या एकीतून पलीकडे उभी असलेली पंचफुला त्याला दिसली आणि तो तसाच थांबला. मंडळी, इतकं देखणं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

“तोंडच न्हाई,” केरबा म्हणाला. “मग जगतंय कशावर?”

“अळी असताना पोटभर खाल्लं, त्यावर. तुमची लेक इथं तेच करून राहिली.”

केरबा एकटाच परत गेला. वाटीतलं दूध मुली प्यायल्या.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. मला तोंड आहे, त्याला इलाज नाही. आणि चहा घेतल्याशिवाय कुणी हलू नका. दूध केरबाच्या म्हशीचं आहे. सकाळी कासंडी ठेवताना तो म्हणाला, “हे नागाला न्हाई. बाईला.”