सोफा आहे का अजून?

—नाही नाही, त्या टोकाला नको, मधोमध बसा, मधोमध बसल्याशिवाय सोफ्याचा स्वभाव कळत नाही. हं. आता टेका. बघा कसा पोटाशी घेतो! टेप नंतर लावा हो कुशलभाई — कुशलच ना? मेसेजमध्ये नुसतं 'के' होतं, मला वाटलं एखादी कंपनीच येतेय — सहा फूट चार इंच आहे, मी सांगतो ना, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. आणि मराठी निघालात, किती बरं वाटलं. तीन आठवडे 'लास्ट केटला, काका?' ऐकून कान किटले. नमस्ते नाही, केम छो नाही, थेट लास्ट केटला, शेवटचे किती! अरे बाबा, फर्स्ट तर ऐकून घे!

आणि त्याच्याही आधी काय येतं, माहितीय? 'अवेलेबल छे?' आपण भाबडेपणाने लिहायचं, छे. झालं. माणूस गायब. सत्तेचाळीस जणांनी विचारलं आहे का म्हणून, आणि आहे म्हटल्यावर सत्तेचाळीस जणांना जणू वाईटच वाटलं. एकाने सोफ्याचा व्हिडिओ मागितला. सोफ्याचा व्हिडिओ! तो काय गरबा करून दाखवणार आहे? तरी पाठवला मी — दोन मिनिटं, सोफा जागच्या जागी, मागे हिच्या मिक्सरचा आवाज. एक जण म्हणाला, बदल्यात लव्हबर्डची जोडी देतो, पिंजऱ्यासकट. एक बाई नुसत्या उशा मागत होत्या. एक फौजी भेटला, राजस्थानात पोस्टिंग, सोफा न बघताच पसंत — 'अंकल, मैं कोड भेजता हूँ, आप स्कॅन करो, पैसा आपके खाते में.' आता असले फौजी कुठल्या सीमेवर असतात ते मला कळतं. पाऊण तास फोनवर ठेवला त्याला. म्हटलं, मीपण फौजेतलाच, सियाचीनला होतो, हा सोफा तिथूनच आणलाय, म्हणून तर मे महिन्यातसुद्धा गार असतो, वर बसलं की सर्दी होते. शेवटी त्यानेच फोन ठेवला बिचाऱ्याने. म्हणाला, 'अंकल, आप बहुत झूठ बोलते हो.' — तो मला म्हणाला!

नाही, पुरातला नाही. तुम्हीही तेच विचारणार, वाटलंच. त्या विश्वामित्रीच्या पुरानंतर बडोद्यात कुणी जुनी सुई विकायला काढली तरी लोक आधी वास घेतात — 'पूरनो माल तो नथी ने?' अहो, तिसऱ्या मजल्यावर पूर आला असता तर मी सोफा नाही, होडी विकली असती. घ्या, वास घ्या. घ्या ना, मी बाजूला बघतो. आला? फोडणीचा येत असेल, तो आतून येतोय. जाहिरातीतलं ते 'संस्थानकालीन घराण्यातला सोफा' वाचून आलात का? एक निवृत्त मास्तर आले होते, भिंग घेऊन, म्हणाले संस्थानात फोम कुठे होता? म्हटलं मास्तर, वाक्य नीट वाचा, संस्थानकालीन घराणं आहे, सोफा नाही. घराण्यात खोट नाही काढायची. पणजोबा दरबारातच होते — म्हणजे हत्तीखान्याच्या गवताचा हिशेब लिहायचे, पण हत्ती दरबाराचेच ना?

पोहे खाऊन जायचं हं. नको बिको चालणार नाही, टाकलेत तिने. आमची विमला. सोफा बघायला कुणी आलं की ती कांदा चिरायला घेते. मी म्हटलं, अगं गिऱ्हाईक आहे ते, फार तर पाणी विचार. तर म्हणाली, 'या सोफ्यावर परकं माणूस बसलं की पोहे द्यायचे, ही पद्धत तुम्हीच पाडलीय.' असं बोलते. आणि मोजतेसुद्धा. काल त्या पादरावाल्याने खालून हात घालून स्प्रिंगा चाचपल्या, पुढून बघितला, मागून बघितला, वय विचारलं, आधी कुणी वापरलाय का विचारलं आणि पोहे चापून 'कळवतो' म्हणून गेला, तर ही बशी उचलता उचलता म्हणते, 'अबोलीला अकरा आले होते, याला चौदा. एकाचं तरी जमवा.'

अबोली — आमची मुलगी. एकुलती एक. तुम्ही पंधरावे म्हणजे.

तर कुशलभाई, सरळ बोलतो. हा सोफा आज जायला हवा. आज म्हणजे आज, दिवेलागणीच्या आत. उद्या सकाळी अबोली येतेय हैदराबादहून, ओवीला घेऊन. ओवी म्हणजे नात माझी, चार वर्षांची, फोटोत अगदी — म्हणजे फोटोतच बघितलीय मी. विमला दोनदा जाऊन आली तिकडे. मला बोलावलं नाही असं नाही, मलाच सुट्टी — हो, रिटायर झालोय, कोयलीच्या रिफायनरीत स्टोअरमध्ये होतो, तरी रिटायर माणसालाही कामं असतात. सात वर्षांनी येतेय पोरगी घरी. तीन आठवड्यांपूर्वी फोन आला, विमलाने माझ्या हातात दिला, आणि पलीकडून बरे आहात का नाही, काय चाललंय नाही, एकच प्रश्न: 'बाबा, तो सोफा आहे का अजून?' आणि माझ्या तोंडून — सवय हो, जिभेला उतारच आहे माझ्या — निघून गेलं, 'छे! कधीच विकला! दोन वर्षं झाली! तिथे आता मस्तपैकी हिंचको बसवलाय, पितळी कड्यांचा झोपाळा!' ती म्हणाली, 'मग येते.'

आता सांगा. हिंचको काय, हिंचको दुरुस्तीला गेलाय म्हणेन, कडी तुटली म्हणेन. पण सोफा? नसलेली वस्तू दुरुस्तीला पाठवता येते, असलेली कशी पाठवणार? सहा फूट चार इंच! विमलाने तर तेव्हाच सांगितलं, 'मी तिला विकला म्हणून सांगणार नाही. तिने विचारलं तर आहे तेच सांगेन. निघाला तर निघाला, नाहीतर खोट्यावर पोरीला बोलावून घेणार नाही मी.' म्हणून जाहिरात टाकली. आठ हजार लिहिले. मग पाच. मग दोन. मंगळवारी वैतागून लिहिलं, फुकट घेऊन जा. तर काय, आणखीनच घाबरले लोक! 'मफत केम? आना पर कोई गुजरी गयुं छे?' — फुकट कसा, यावर कुणी गेलंय का, हे विचारायला अकोट्याहून माणूस फोन करतो! म्हटलं नाही हो, सगळे जिवंत आहेत. तर म्हणे, मग फुकट का? परत दोन हजार लिहिले, तेव्हा कुठे तुम्ही आलात. भंगारवाला सोमवारी येतो म्हणतोय. खाली गेटपाशी ठेवू म्हटलं, तर रिक्षातून उतरल्या उतरल्या तिला पहिला हाच दिसणार, मी नंतर. जयवंतराव आमचे समोरचे, त्यांना म्हटलं चार दिवस तुमच्या हॉलमध्ये राहू दे, तर म्हणाले, 'वसंतराव, तुमच्या मुलीला चहाला बोलावणार आहोत आम्ही.'

काय बघताय खाली? — अं? तो? मागचा डावा पाय. हो, लाकूड जरा वेगळं आहे त्याचं. नजर बारीक आहे तुमची. तो भूकंपात गेला. — नाही, तो मोठा नाही, तो दोन हजार एकचा, तेव्हा सोफा नव्हताच. मध्ये एक छोटा झाला होता. पेपरात नाही आला. फक्त आमच्या तरसालीत झाला, आणि तरसालीतसुद्धा —

काय म्हणालात?

कुणाला सांगितलं मी, मेहुणा बसला म्हणून मोडला? सव्वाशे किलोचा मेहुणा? — भास्करराव. पाणीगेटचे भास्करराव तुमचे मामा? शुक्रवारी आले होते ते? अस्सं. म्हणजे मामांनी पाठवलंय तुम्हाला. पाय तेवढा विचारून ये म्हणून. आणि मामांच्या मित्राला काय सांगितलं होतं मी? ट्रकमधून पडला. बरोबर आहे. बुधवारी ट्रक होता. हसा, हसा तुम्ही, मीच हसवायला बसलोय.

आधीही असाच पकडलो गेलो होतो, कुशलभाई. इथेच. तुम्ही बसलात तिथे ग्वाल्हेरचे पाहुणे होते, आईवडील आणि मुलगा, इंद्रनील नावाचा, चांगला शांत मुलगा. मी या खुर्चीत. अबोली तिथे, स्टुलावर. सोफा पाहुण्यांसाठी आणला होता ना, तिच्या स्थळांसाठीच आणला होता, ती त्यावर कधी बसलीच नाही. तर — तिच्या मनगटावर डाग आहे एक. पांढरा. एवढासा, रुपयाएवढा, तेव्हा एवढाच होता. पाहुण्यांची नजर चहाच्या कपावरून तिथे जायचीच. आणि नजर गेली की मी सुरू. पहिल्यांना सांगितलं, लहानपणी दूध सांडलं. दुसऱ्यांना, दिवाळीत फटाका. मग इस्त्री. मग सायकलची चेन. रंगवून सांगायचो हो, कुठला दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले, ही कशी रडली नाही — लोक हसायचे, पोहे मागून घ्यायचे. ती खाली बघून बसायची. मला वाटायचं, लाजते.

ग्वाल्हेरवाल्यांना परत दूधच सांगितलं, अकरावी वेळ होती, नवीन सुचेना. तर तो मुलगा म्हणाला, 'काका, कोड आहे ना ते? अबोलीने सांगितलंय मला आधीच. मला काही नाही त्याचं.' काही नव्हतं हो त्याला! पसंत होती! त्याच्या आईने बशी खाली ठेवली. म्हणाली, 'डागाचं आम्हाला काहीच नव्हतं. पण बाप पोरीदेखत पोरीबद्दल असं बोलतो, त्या घरात पुढे काय काय ऐकावं लागेल?' गेले. आणि अबोली स्टुलावरून उठली, मोठ्याने नाही, अगदी वाण्याची यादी वाचावी तशी म्हणाली, 'दूध, फटाका, इस्त्री, चेन, उकळतं तेल. मला पाठ झाल्यात बाबा. एकदा नुसतं कोड आहे म्हणाला असतात, तर काय झालं असतं?'

काय झालं असतं? काही नसतं झालं. हे मला आता सुचतंय.

पाय ना? पायाचं सांगतो. भूकंप नाही, मेहुणा नाही. पाहुणे गेल्यावर विमलाने पदर खोचला आणि एकटीने हा ओढत दारापर्यंत नेला. बाहेर काढणार होती. उंबऱ्याला अडकला, तिने जोर लावला, आणि कट्कन गेला मागचा डावा. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी लक्ष्मण सुताराला घेऊन आलो. विमलाला म्हटलं, अठ्ठावीस हजारांचा आहे, वेडी का काय तू. आत खोलीत अबोली बॅग भरत होती, दार उघडंच होतं, आणि मी इथे गुडघ्यावर बसून लक्ष्मणला सांगत होतो, 'मजबूत बसव रे, अजून पाहुणे यायचेत.'

— ही खरी. आईशपथ खरी.

काय? 'मामांना सांगितलेल्या गोष्टीपेक्षा ही चांगली जमलीय'? ... जमलीय. हो. छानच जमलीय.

बरं, नका ठेवू विश्वास. नुसता न्या. पैसे नकोत, टेम्पोचं भाडं मी देतो, खाली उतरवायला दोन माणसं मी आणतो, तुम्ही फक्त हो म्हणा. तुमचं नवं बिऱ्हाड, लग्न होणार आहे म्हणालात — बसायला काही नको का? दार केवढं आहे तुमचं? मोजलंय? ... मग पाय काढून नेऊ. चारही काढू. उभा घालू, तिरका घालू, जाईल हो! ... नाही. बरं. मामांना विचारून. हो, विचारा. विचारून मग या.

काही हरकत नाही. उद्याचं मी बघतो. असं सांगेन तिला — विकला होता. नक्की विकला होता. घेणारा भला माणूस, पण त्याच्या घरी सोफा रात्री कण्हायला लागला, वर्षभर काढलं त्याने, आणि काल दारात येऊन रडायला लागला, काका, परत घ्या हो तुमचा, तुमच्या घरची ओढ लागलीय याला. मग माणुसकी म्हणून — चालेल ना? ओवीला आवडेल. कण्हणारा सोफा. लहान मुलांना —

थांबा जरा.

आत कुणाशी बोलतेय ही? मिक्सर बंद आहे ना? ... फोन आहे.

'आहे गं. तिथेच आहे. हलवलासुद्धा नाही कधी.' ... 'हो, खोटंच बोलले ते.' ... 'नाही, हिंचको पण नाही.' ...

विमला! अगं, थांब, मी सांगतो तिला, मला दे —

'बरं.' ... 'बरं.' ... 'नाही गं, मी कशाला रागावू तुझ्यावर?' ... 'ओवीला माझा एक पापा दे.'

...

उद्या यायच्या पोरीला फोनवरून पापा पाठवतं का हो कुणी?

उठा तुम्ही, कुशलभाई. नाही, काही नाही, उठा. टेप राहिला बघा तुमचा, घ्या. पोहे नाही आणणार ती आता. दार नुसतं ओढून घ्या.